बॅटरीवरचं विमान ध्वनीला मागे टाकेल का?

पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहणारा एक मुलगा ऐरोलीच्या कॉलेजात मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या आठवड्यात लिफ्टपाशी त्यानं मला गाठलं. “काकू, इलेक्ट्रिक विमान कधी सुपरसॉनिक होईल का, म्हणजे ध्वनीपेक्षा वेगानं उडेल का? मोटर तर हव्या तेवढ्या वेगानं फिरते, मग अडतं कुठे? आणि खूप उंच गेलं तर हवा विरळ होते, म्हणजे रोधही कमी, नाही का?” त्याला कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी हाच विषय घ्यायचा आहे. हातात भाजीची पिशवी होती, लिफ्ट आली होती, मी “अवघड आहे रे” म्हणून वर गेले. पण 34 वर्षं मोटरच्या कारखान्यात, त्यातली बरीचशी हाय व्होल्टेज टेस्टिंगमध्ये काढलेल्या बाईनं एवढंच उत्तर द्यावं हे माझं मलाच पटेना. म्हणून हे सविस्तर, त्यालाच उद्देशून.

आधी निकाल सांगते, मग कारणं. एखादं छोटं इलेक्ट्रिक विमान अर्ध्या-एक मिनिटापुरतं ध्वनीचा वेग ओलांडेल, हे मला शक्य वाटतं, आणि तुझ्या उमेदीच्या काळात ते घडलेलं तू बघशीलही. पण प्रवासी घेऊन समुद्रापार जाणारं सुपरसॉनिक विमान बॅटरीवर उडणार नाही. आजच्या बॅटरीवर नाही, आणि रसायनशास्त्राला आज माहीत असलेल्या कुठल्याही बॅटरीवर नाही.

मोटरबद्दल तू म्हणालास ते खरं आहे. मी नोकरीला लागले तेव्हा दीडशे हॉर्सपॉवरची, म्हणजे 110 किलोवॅटची मोटर क्रेनशिवाय जागची हलत नसे. सहा-सातशे किलोचं धूड. आज विमानासाठी बनणारी चांगली मोटर किलोमागे 5 किलोवॅटच्या आसपास देते. म्हणजे तीच ताकद वीस-बावीस किलोत, दोन हातांनी उचलून टेबलावर ठेवता येईल अशी. ही प्रगती मी डोळ्यांनी पाहिली आणि तिचा मला फार आनंद आहे. पण मोटर स्वतः काही साठवत नाही. तिला कुणीतरी वीज पुरवावी लागते, आणि ती वीज विमानाला आपल्या अंगावर वाहून न्यावी लागते. अडतं ते इथे.

हिशेब महावितरणच्या युनिटमध्येच करू, म्हणजे घरच्या बिलाशी ताडून बघता येईल. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, 36 लाख जूल. विमानाचं इंधन, ज्याला सगळे एटीएफ म्हणतात, त्याच्या एका किलोत सुमारे 12 युनिट ऊर्जा असते. चांगल्या लिथियम बॅटरीच्या एका किलोत पाव युनिट. अठ्ठेचाळीस पटींचा फरक. इलेक्ट्रिकची बाजू घेणारा म्हणेल की जेट इंजिन निम्म्याहून जास्त ऊर्जा उष्णतेत घालवतं आणि मोटर जवळजवळ काही घालवत नाही. बरोबर आहे, ते धरायलाच हवं. धरलं तरी सुपरसॉनिक वेगाला फरक पंचवीस पटींच्या वरच राहतो, कारण त्या वेगाला जेट इंजिनही फार कार्यक्षम होतं. काँकॉर्ड या सुपरसॉनिक प्रवासी विमानाचं ऑलिंपस इंजिन दुप्पट ध्वनिवेगाला इंधनातल्या ऊर्जेपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त ऊर्जा कामाला लावत असे.

आता काँकॉर्डच्याच धर्तीवर एक विमान कल्पून बघू. काँकॉर्ड 1976 ते 2003 प्रवासी घेऊन मॅक 2 च्या, म्हणजे ध्वनीच्या दुप्पट वेगानं उडत होतं, त्यामुळे त्याचे आकडे कल्पनेतले नाहीत. (एअर इंडियानंही एके काळी दोन काँकॉर्डांसाठी पर्याय राखून ठेवला होता, पुढे तो सोडून दिला.) आपल्या विमानाचं वजन 150 टन धर. त्यातले 60 टन बॅटरी. चाळीस टक्के वजन बॅटरीला देणं हा आधीच उदारपणा आहे. सांगाडा, मोटर, माणसं, सामान सगळं उरलेल्यात बसवायचंय. 60 टन गुणिले पाव युनिट, म्हणजे 15,000 युनिट. मोटर, बॅटरीची वीज मोटरजोगी करणारा इन्व्हर्टर आणि पंखा यांच्यातली गळती वजा केली तर हवेला ढकलायला त्यातले सत्तर टक्के मिळतील: 10,500 युनिट.

हे विमान 16 किलोमीटर उंचीवर न्यायचं आहे. दीडशे टन वजन नुसतं तेवढं उचलायला 6,500 युनिट लागतात. शाळेतलं एम-जी-एच (वस्तुमान गुणिले गुरुत्व गुणिले उंची), दुसरं काही नाही. मग त्याला मॅक 2 चा वेग द्यायचा, सेकंदाला 590 मीटर. अर्धा एम-व्ही-वर्ग: 7,250 युनिट. बेरीज 13,750.

आपल्याकडे आहेत 10,500.

इथे थांब आणि हे पुन्हा वाच. यात हवेचा रोध अजून धरलेलाच नाही. हवा अजिबात नाही, घर्षण नाही, असं मानलं तरी हे विमान त्याच्या उंचीला आणि वेगाला पोचतच नाही. रेंज किती मिळेल, तिकीट किती पडेल, हे प्रश्न नंतरचे. मी स्वतः हा हिशेब पहिल्यांदा केला तेव्हा चूक झाली असेल म्हणून तीनदा तपासला. इतकी वर्षं मोटरची कार्यक्षमता 94 वरून 95 टक्क्यांवर नेण्यासाठी आम्ही रात्री जागवल्या होत्या, आणि हा प्रश्न त्या एका टक्क्याचा नव्हताच.

वर चढवताना घातलेले युनिट वाया जात नाहीत, हेही सांगायला हवं. उतरताना विमान तीच उंची आणि तोच वेग खर्चून अंतर कापतं. पण त्यासाठी आधी वर पोचायला हवं ना.

तुझा दुसरा प्रश्न विरळ हवेचा. हा फार जणांना पडतो. इलॉन मस्कही अनेक वर्षं सुपरसॉनिक इलेक्ट्रिक विमानाची कल्पना बोलून दाखवताना उंचीवरच्या विरळ हवेचा आधार घेत आले आहेत. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. विमान हवेत तरंगतं कारण पंख त्याच्या वजनाएवढं वर ढकलतात. त्या वर ढकलण्याची किंमत म्हणून रोध मिळतो, आणि त्या दोन्हींचं गुणोत्तर विमानाच्या आकारावरून ठरतं. आजची साधी प्रवासी विमानं या गुणोत्तरात सतरा-अठराच्या पुढे जातात. मॅक 2 ला काँकॉर्ड सातच्या थोडं वर होतं, कारण ध्वनीपेक्षा वेगानं जाताना हवेला बाजूला व्हायला सवडच मिळत नाही, आघातलहरी तयार होतात आणि त्यांत ऊर्जा जाते. म्हणजे दीडशे टनांच्या विमानाला साधारण 21 टनांचा रोध, खाली उडा की वर. विरळ हवेत तेवढ्याच रोधात तू जास्त वेगानं जाशील, हे खरं. पण प्रत्येक किलोमीटरला लागणारी ऊर्जा तेवढीच राहील. सूत्र मांडून बघ, वेग छेदात आणि अंशात दोन्हीकडे येतो आणि कटून जातो. उरतं ते किलोमागची ऊर्जा, कार्यक्षमता, ते गुणोत्तर आणि बॅटरीचा वाटा. जादूनं हे विमान वर नेऊन ठेवलं आणि भरलेल्या बॅटरीनिशी सोडलं, तरी ते 180 किलोमीटर जाईल. ठाण्याहून निघून कसारा घाट ओलांडून नाशिक, आणि थोडं पुढे. पाच मिनिटांत.

त्या पाच मिनिटांत लागणारी शक्ती बघ. रोध गुणिले वेग, सव्वाशे मेगावॅटच्या आसपास. खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र, ज्याचे पाइप आपल्याला घाटातून जाताना डोंगरावर दिसतात, ते 72 मेगावॅटचं आहे. एक्स्प्रेस गाड्या ओढणारं डब्ल्यूएपी-7 इंजिन 6,350 हॉर्सपॉवरचं. तशी सव्वीस इंजिनं एका विमानात. आणि गळती धरून बॅटरीतून काढायचे ते 177 मेगावॅट. म्हणजे पूर्ण भरलेली बॅटरी पाच मिनिटांत रिकामी करायची. किलोला पाव युनिट साठवणारे सेल एवढ्या घाईनं रिकामे होत नाहीत. आतल्या आत तापतात. घाईनं देणारे सेल मिळतात, पण ते साठवतात कमी. दोन्ही गुण एका सेलमध्ये मागितले की सेल बनवणारा मान हलवतो.

आणखी एक गोष्ट अशी, की बॅटरी रिकामी झाली तरी हलकी होत नाही. काँकॉर्ड 185 टनांनी उडत असे आणि उतरताना त्याची मर्यादा होती 111 टन. वाटेत वजन कमी होत गेल्यानं पुढचा प्रत्येक किलोमीटर स्वस्त होत जायचा. बॅटरीच्या विमानाचं वजन शेवटच्या क्षणापर्यंत तेवढंच.

आज प्रत्यक्षात आपण कुठे आहोत, हे थोडक्यात. जून 2020 मध्ये युरोपात पिपिस्ट्रेल व्हेलिस इलेक्ट्रो या दोन आसनी विमानाला प्रमाणपत्र मिळालं, असं मिळवणारं ते जगातलं पहिलं इलेक्ट्रिक विमान. मोटर 57.6 किलोवॅट, उड्डाण तासाभराच्या आत. सप्टेंबर 2022 मध्ये ‘ईव्हिएशन’ नावाच्या कंपनीचं ॲलिस हे नऊ प्रवाशांसाठी आखलेलं विमान एकदा 8 मिनिटं उडालं. वेगाचा विक्रम रोल्स-रॉइसच्या ‘स्पिरिट ऑफ इनोव्हेशन’ या एका माणसाच्या विमानाचा: नोव्हेंबर 2021, तीन किलोमीटरच्या टप्प्यात सरासरी ताशी 555.9 किलोमीटर. समुद्रसपाटीला ध्वनीचा वेग ताशी सव्वाबाराशे किलोमीटर. म्हणजे निम्म्याच्याही आत. तुलनेला, जानेवारी 2025 मध्ये बूम कंपनीच्या एक्सबी-1 नं ध्वनीचा वेग ओलांडला तेव्हा त्यात तीन जेट इंजिनं होती आणि वेग होता मॅक 1.122.

आता मला ज्यातलं सगळ्यात जास्त कळतं ते.

चार-पाच वर्षांपूर्वी रबाळ्याच्या एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात मी सल्ल्यासाठी जाऊ लागले. अजूनही शनिवारी जाते. तिथे उंचीवरच्या ड्रोनसाठी मोटर बनवायची होती. 800 व्होल्टची वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी), उत्तम एनॅमलचा लेप दिलेली तार, व्हार्निश दोनदा दिलेलं, मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, मारला तर काटा इन्फिनिटीला. टेस्ट बेडवर तासन्‌तास चालली, काही नाही. मग मी म्हटलं, ही व्हॅक्यूम चेंबरमध्ये ठेवू. चेंबर म्हणजे जाड काचेची खिडकी असलेला मोठ्या कुकरएवढा डबा. पंप लावला, दाब उतरवत उतरवत समुद्रसपाटीच्या सात टक्क्यांवर आणला. काँकॉर्ड जिथवर जायचं त्या 60,000 फुटांवर दाब साधारण एवढाच असतो. खोलीतले दिवे घालवले आणि व्होल्टेज वाढवत नेलं.

सुरुवातीला काळोख. मग ओव्हरहँगपाशी, म्हणजे वाइंडिंगच्या बाहेर आलेल्या टोकाला, जिथे दोन फेजच्या तारा एकमेकींवरून जातात तिथे, एक जांभळट कड दिसू लागली. इतकी मंद की डोळे सरळ रोखले तर नाहीशी व्हायची, जरा बाजूला बघितलं की दिसायची. व्होल्टेज आणखी चढलं तशी ती स्लॉटच्या, म्हणजे तारा बसवलेल्या खाचेच्या, तोंडापर्यंत पसरली. आवाज नाही, ठिणगी नाही, मीटरवर करंट तेवढाच. मोटर आपल्या दृष्टीनं ठणठणीत होती आणि आमच्या डोळ्यांसमोर तिचं इन्सुलेशन खाल्लं जात होतं. दोन दिवस तशीच चालवून बाहेर काढली तेव्हा त्या जागी तारांवर पांढरी भुकटी धरली होती; नखानं खरवडली तर एनॅमल सोबत आलं. तिसऱ्या दिवशी तिथेच शॉर्ट झाली. आमच्या शेडमधल्या वाइंडर भाऊंना मी ती जागा दाखवली, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्या हाताचं काम होतं ते, आणि त्यात एक फेराही चुकलेला नव्हता.

याला पार्शल डिस्चार्ज म्हणतात. कारण असं: हवा स्वतः इन्सुलेटर आहे, पण किती व्होल्टला ती फुटेल हे दाब आणि फट यांच्या गुणाकारावर ठरतं. पाश्चेनचा नियम. समुद्रसपाटीला दोन तारांमधल्या अगदी बारीक फटीत हवा फोडायला बरंच व्होल्टेज लागतं. दाब कमी होत गेला की ते उतरत जातं आणि एका तळाला पोचतं; हवेसाठी तो तळ 327 व्होल्टचा. 60,000 फुटांवरच्या दाबाला हा तळ कुठल्या फटीला येतो? साधारण 0.1 मिलिमीटरला. दोन एनॅमलच्या तारा शेजारी शेजारी बसल्या की त्यांच्यामध्ये बरोबर एवढीच जागा राहते. निसर्गानं नेमकी आपली वाइंडिंग बघून हा आकडा काढला असावा असं त्या अंधाऱ्या खोलीत मला वाटून गेलं.

मग व्होल्टेजच कमी ठेवा, असं तू म्हणशील. तीनशेच्या खाली राहा. तर करंट बघ. 177 मेगावॅट 800 व्होल्टला न्यायचे तर सव्वादोन लाख अँपिअर होतात, 300 ला सहा लाखांच्या जवळ. तेवढं वाहून नेणारं तांबं विमानात घालायचं म्हणजे प्रवासी उतरवावे लागतील. लोकलच्या डोक्यावरची तार आठव. पूर्वी ती 1,500 व्होल्ट डीसीची होती, आता 25,000 व्होल्ट एसीची आहे. तेवढ्याच शक्तीला व्होल्टेज चढलं की करंट उतरतो, तार हलकी राहते, म्हणून तर हा बदल इतका खर्च करून केला. विमानालाही चढं व्होल्टेज हवंय, आणि उंची ते घेऊ देत नाही. दाबबंद डबे, वायूनं भरलेले कनेक्टर, पोकळी न सोडणारी रेझिनची भरती, असे मार्ग आहेत आणि त्यांवर जगभर चांगलं काम चाललं आहे. पण प्रत्येक मार्गाचं वजन आहे.

उष्णतेचंही असंच. मॅक 2 ला बाहेरची हवा उणे 56 अंश असते, पण विमानाच्या नाकाशी ती थांबते तेव्हा दाबून दाबून 120 अंशांच्या जवळ जाते. काँकॉर्डच्या नाकाच्या टोकाला 127 अंशांची मर्यादा घातलेली होती, वेग त्यावरूनच आवरला जायचा. उड्डाणात सगळं विमान तापून सुमारे वीतभर लांब व्हायचं. आपल्या विमानाच्या मोटर-इन्व्हर्टरमधून सहा टक्के गळती धरली तर दहा मेगावॅट उष्णता बाहेर टाकायची आहे. एच क्लासची वाइंडिंग 180 अंश सोसते, तिचं निभेल. लिथियम सेलला साठच्या वर त्रास सुरू होतो. साठ अंशांचा सेल 120 अंशांच्या हवेनं गार कसा करणार? काँकॉर्डमध्ये केबिनच्या एसीची आणि हायड्रॉलिक्सची उष्णता टाकीतल्या इंधनात सोडत असत, आणि ते तापलेलं इंधन मग जळून जायचं. आपल्या विमानात उष्णता घेऊन निघून जाईल असं काहीच नाही.

पंख्याचं मी दोन वाक्यांत उरकते, कारण तो सुटणारा प्रश्न आहे. उघडा प्रोपेलर चालणार नाही. अमेरिकेत 1955 मध्ये एक्सएफ-84एच नावाच्या विमानावर ध्वनीपेक्षा वेगानं फिरणारी पाती लावून पाहिली होती, त्यांच्या आवाजानं जमिनीवरच्या माणसांना मळमळायचं. हवा आधी इनटेकमध्ये मंद करून बंद नळीतल्या अनेक टप्प्यांच्या पंख्यानं दाबली आणि नोझलमधून सोडली तर मोटरवरही धक्का मिळतो. मात्र इंधन न जाळता मिळणारा हा धक्का दर किलो हवेमागे कमी असतो, त्यामुळे तोंड मोठं लागतं, आणि मोठं तोंड म्हणजे पुन्हा रोध.

उद्याच्या बॅटरीचं काय? 400 वॅट-तासांचे सेल, म्हणजे किलोला 0.4 युनिट, येत आहेत. आपल्या विमानाला त्यातून 16,800 युनिट मिळतील. 13,750 वर चढण्यात गेले की उरले तीन हजार, आणि चढताना हवेचा रोध भागवायला त्याहून कितीतरी जास्त लागतील. पाच हजार किलोमीटर जायचं तर किलोला सात युनिटांच्या आसपास हवेत. हवेतला ऑक्सिजन ओढून घेणारी लिथियम-एअर बॅटरी ही कागदावरची सगळ्यात मोठी आशा. त्या ऑक्सिजनचं वजन धरून तिची सैद्धांतिक मर्यादा साडेतीन युनिट. सगळीच्या सगळी मिळाली तरी मुंबई-दुबई होईल. कुठलीही बॅटरी सैद्धांतिक मर्यादेच्या जवळपासही जात नाही, आणि ही तर ऑक्सिजन धरून ठेवत असल्यानं विमान उडता उडता जड होत जाईल.

द्रव हायड्रोजनबद्दल मला जास्त आस्था आहे. किलोला 33 युनिट, शिवाय उणे 253 अंश. त्या थंडीत अतिसंवाहक (विजेला अडवणूक न करणाऱ्या) तारेची मोटर चालवता येते, आणि वर म्हटलेली उष्णतेची अडचणही बरीच सुटते, कारण हे इंधन उष्णता पोटात घेतं. पण लिटरमागे ते एटीएफच्या पाव पट ऊर्जा देतं. सुपरसॉनिक विमान सुईसारखं बारीक हवं आणि ही टाकी चौपट मोठी. त्यातून वीज काढायला फ्युएल सेल लावले तर त्यांची आजची यंत्रणा किलोमागे एखाद-दोन किलोवॅटच्या आसपास देते. 177 मेगावॅटला शंभर टनांच्या घरात जाते. त्यापेक्षा हायड्रोजन सरळ टर्बाइनमध्ये जाळणं सोपं. मग मागे धक्का देणारं यंत्र जेटच राहतं.

तरीही मी सुरुवातीला “छोटं विमान ओलांडेल” असं का म्हटलं? कारण तिथे हिशेब जुळण्याच्या जवळ येतो. 16 किलोमीटर आणि मॅक 2 ऐवजी 11 किलोमीटर आणि मॅक 1.2 घे. विमानाच्या दर किलोला 331 किलोजूल लागत होते, ते 171 वर येतात. आजच्या बॅटरीकडून मिळतात 252. रोधासाठी हातात थोडे राहतात. निम्मं वजन बॅटरी, सेल जरा चांगले, आणि उंचीवरून थोडा सूर मारून वेग घ्यायचा, की एकदा ओलांडून परत यायला जमावं. ध्वनीचा वेग पहिल्यांदा ओलांडणारं चक येगरचं एक्स-1 ही 1947 मध्ये बॉम्बर विमानाच्या पोटातून सोडलं होतं. तसं सोडलं तर चढण्याचा खर्चच वाचतो. शिवाय रिकाम्या बॅटऱ्या टाकून देण्याची युक्ती आजही वापरात आहे. रॉकेट लॅबच्या इलेक्ट्रॉन रॉकेटच्या इंजिनांत इंधनाचे पंप बॅटरीवर चालतात, एकेका पंपाची मोटर सुमारे 37 किलोवॅटची, मिनिटाला 40,000 फेऱ्यांची, आणि वरच्या टप्प्यातल्या संपलेल्या बॅटऱ्या वाटेतच सोडून दिल्या जातात. बॅटरी आणि मोटर ध्वनीच्या कितीतरी पुढे जाऊन आलेल्या आहेत, इंधनाच्या मदतनीस म्हणून.

म्हणून तुझ्या प्रोजेक्टविषयी माझं स्पष्ट मत असं: “सुपरसॉनिक इलेक्ट्रिक विमानाचं डिझाइन” हा विषय घेऊ नकोस. थ्री-डी चित्र सुंदर होईल, मार्कही मिळतील, पण वरचा युनिटांचा हिशेब परीक्षकानं विचारला तर चित्र उत्तर देणार नाही. त्यापेक्षा उंचीवरच्या वाइंडिंगचं काम घे. सुपरसॉनिक असो वा साधं, उंच उडणाऱ्या प्रत्येक इलेक्ट्रिक विमानाला ते लागणार आहे, आणि आपल्याकडे ते हातानं करून पाहिलेली माणसं फार थोडी आहेत.

दोन तारांच्या छोट्या पिळांचे नमुने कर, एनॅमलचे तीन प्रकार, प्रत्येकाचे पाच-पाच. वेगवेगळ्या दाबाला कुठल्या व्होल्टेजला डिस्चार्ज सुरू होतो ते मोजायचं आणि पाश्चेनच्या वक्राशेजारी मांडायचं. कारखान्याच्या मालकांशी मी बोलले आहे, चेंबर शनिवारी दुपारनंतर मोकळा असतो. मी खोलीत असल्याशिवाय व्होल्टेज चालू करायचं नाही. तार वाइंडर भाऊ देतील, पीळ कसा द्यायचा तेही तेच दाखवतील. पायांत रबरी सोलचे बूट घालून ये, आणि सव्वादोनपर्यंत रबाळे स्टेशनवर उतर, मी पुलाखाली थांबते.